काकांच्या डब्यातील अमेरिकी चांदीची नाणी: ओळख, पारख आणि किंमत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले काका 1967 साली कोल्हापूरहून ओहायोला गेले, तिथल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि हाती येणाऱ्या सुट्या पैशांतून चांदीची नाणी वेचून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवली. काका आता नाहीत, काकू घर आवरून कायमच्या कोल्हापूरला परतणार आहेत, आणि त्यांनी डब्यातील नाण्यांची यादी व छायाचित्रे आपल्याकडे पाठवली आहेत. यादीत नऊ मोठे डॉलर, सोळा अर्धे डॉलर, बावीस क्वार्टर (पाव डॉलर), अडतीस डाइम (दहा सेंट) आणि पाच सेंटांची चार नाणी आहेत. डॉलरांपैकी चार 1921चे, दोन 1922चे, एक 1881चा, एक 1893चा आणि एक 1804चा आहे. यांची किंमत किती, डबा इकडे आणावा की तिकडेच विकावा, आणि त्याआधी नाणी उजळून घ्यावीत का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण उशीर झाला तर बाकीच्या उत्तराला अर्थ उरणार नाही. एकही नाणे उजळू नये. चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन, रिठ्याचे पाणी, बाजारात मिळणारे चांदीचे पॉलिश, यांपैकी काहीही लावू नये, मऊ फडक्यानेसुद्धा पुसू नये. आपल्याकडे दिवाळीआधी देवघरातली चांदी लख्ख करण्याची रीत आहे आणि काळे पडलेले नाणे पाहिले की हात शिवशिवतात, हे मी जाणतो. पण निरांजनाचे मोल त्याच्या वजनात असते, तर संग्राह्य नाण्याचे मोल पुष्कळदा त्याच्या पृष्ठभागात असते. तो पृष्ठभाग एकदा खरवडला गेला की परत येत नाही. दोन 1922च्या डॉलरांना काकूंनी एका दिवाळीत रांगोळीने घासले होते, असे आपण लिहिले आहे. त्या दोघांकडे पुढे येतोच.

अशा डब्याकडे पाहताना मी नेहमी दोन किमती वेगळ्या धरतो. पहिली मोडीची किंमत, म्हणजे नाणे वितळवले तर जेवढी चांदी निघेल तिचा त्या दिवशीचा भाव. दुसरी संग्राहकाची किंमत, जी साल, टाकसाळ, अवस्था आणि अस्सलपणा यांवर ठरते. मोडीची किंमत ही जमीन आहे; चांदीचे खरे नाणे तिच्याखाली जात नाही. बहुतेक डब्यांतील बहुतेक नाणी याच जमिनीवर किंवा तिच्या जरा वर उभी असतात. दोन-चार नाणी मात्र तिथून फार उंच असू शकतात, आणि सगळे कसब ती ओळखण्यात आहे.

आधी जमीन मोजून घेऊ. 1964पर्यंतचे अमेरिकी डॉलर, अर्धे डॉलर, क्वार्टर आणि डाइम यांच्यात 90 टक्के चांदी व 10 टक्के तांबे असते. 1878पासूनच्या मोठ्या डॉलरचे वजन 26.73 ग्रॅम असून त्यात 24.06 ग्रॅम शुद्ध चांदी असते, म्हणजे 11.66 ग्रॅमच्या जुन्या तोळ्याने दोन तोळ्यांहून किंचित अधिक. अर्ध्या डॉलरात 11.25, क्वार्टरमध्ये 5.625 आणि डाइममध्ये 2.25 ग्रॅम चांदी असते. 1965च्या नाणे कायद्याने क्वार्टर आणि डाइममधली चांदी पूर्णपणे गेली, तर अर्ध्या डॉलरात ती 40 टक्क्यांवर आली आणि 1970पर्यंत तशीच राहिली. आपल्या यादीतील सोळा अर्ध्या डॉलरांपैकी सात केनेडी अर्धे डॉलर 1964चे, म्हणजे 90 टक्क्यांचे आहेत. पाच 1966 ते 1969 या काळातले असल्याने त्यांच्यात प्रत्येकी केवळ 4.6 ग्रॅम चांदी आहे. उरलेले चार ‘चालती स्वातंत्र्यदेवी’ या प्रकारचे आहेत आणि तेही 90 टक्क्यांचेच. पाच सेंटांची चारही नाणी 1943 व 1944ची असून मागील बाजूस इमारतीच्या घुमटावर P हे टाकसाळीचे मोठे अक्षर आहे. युद्धकाळात निकेल वाचवण्यासाठी 1942च्या मध्यापासून 1945पर्यंत ही नाणी 35 टक्के चांदीची पाडली जात होती आणि ती ओळखू यावीत म्हणून घुमटावर मोठे अक्षर ठेवले होते. त्यांच्यात प्रत्येकी पावणेदोन ग्रॅम चांदी असते.

या सगळ्याची बेरीज केली, 1804चा डॉलर बाजूला ठेवला आणि क्वार्टर-डाइम सगळे 1964च्या आतले आहेत हे आपले म्हणणे धरून चाललो, तर डब्यात सुमारे साडेपाचशे ग्रॅम शुद्ध चांदी आहे. झिजेमुळे येणारी किरकोळ तूट त्यातून वजा करावी. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून मी इथे रक्कम लिहीत नाही. विक्रीच्या दिवशीचा शुद्ध चांदीचा प्रतिग्रॅम भाव या वजनाला गुणला की आपल्या हाती तळाची रक्कम येईल. अमेरिकेत भाव ट्रॉय औंसात सांगतात आणि एक ट्रॉय औंस 31.1 ग्रॅमचा असतो, एवढे लक्षात ठेवावे. स्वयंपाकघरातला नेहमीचा औंस 28.35 ग्रॅमचा आहे आणि त्या गफलतीत लोक ठकतात.

काका नेमके ज्या वर्षी तिथे पोहोचले त्या सुमारास चांदीची नाणी अमेरिकेच्या चलनातून झपाट्याने नाहीशी होत होती. सगळेच लोक ती वेचून घरी ठेवत होते. त्यामुळे 1950 ते 1964 या काळातली नाणी अशा डब्यांतून आजही ढिगाने निघतात आणि संग्राहकाला त्यांचे अप्रूप नसते. क्वार्टर आणि डाइमच्या ढिगात मी फक्त काही सालेच शोधीन. 1932च्या क्वार्टरवर मागील बाजूस गरुडाखालील फांद्यांच्या खाली D किंवा S आहे का, ते पाहावे. ते प्रत्येकी साधारण चार लाखच पडले होते. पंखांची टोपी घातलेल्या देवीच्या 1916च्या डाइमवर मागील बाजूस D आहे का, तेही पाहावे. तशी फक्त 2 लाख 64 हजार पडली होती, आणि म्हणूनच खोटे D चिकटवलेली बरीच फिरतात. ही सापडली नाहीत, तर क्वार्टर आणि डाइम वजनावर विकायला हरकत नाही. चार जुन्या अर्ध्या डॉलरांपैकी तीन 1940च्या दशकातले आहेत, त्यांचेही तसेच. चौथा 1917चा आहे आणि त्याचे D अक्षर समोरच्या बाजूला आहे. ही अक्षरे त्याच वर्षी समोरून मागे हलवली गेली, त्यामुळे समोर D असलेली नाणी साडेसात लाखांच्या आसपासच पडली. आपले नाणे बरेच झिजलेले दिसते, तरी ते ढिगातून काढून वेगळे ठेवावे.

आता मोठ्या डॉलरांकडे येतो, कारण खरी कथा त्यांच्यात आहे.

1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली पाडलेल्या डॉलरला त्याचा कोरीवकार जॉर्ज मॉर्गन याच्या नावावरून मॉर्गन डॉलर म्हणतात. त्याच्या मागील बाजूस गरुडाखाली फांद्यांचे कडे असून त्याच्या गाठीखाली, DOLLAR शब्दाच्या D आणि O यांच्या वर, टाकसाळीचे बारीक अक्षर असते. काही नसेल तर नाणे फिलाडेल्फियाचे, O म्हणजे न्यू ऑर्लीन्स, S म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, CC म्हणजे नेवाडातील कार्सन सिटी, आणि केवळ 1921 साली D म्हणजे डेन्व्हर. 1921च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि 1935पर्यंत मधल्या खंडासह चाललेल्या पुढच्या डॉलरला शांततेचा, म्हणजे ‘पीस’ डॉलर म्हणतात. त्यावर हे अक्षर मागील बाजूस ONE शब्दाखाली असते. बिनअक्षरी म्हणजे खोटे, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे.

आपल्याकडचे चारही 1921चे डॉलर मॉर्गन आहेत आणि त्यांच्यावर अक्षर नाही. त्या एका वर्षात तीन टाकसाळींनी मिळून 8 कोटी 67 लाखांहून अधिक मॉर्गन डॉलर पाडले. का पाडले, याचे उत्तर थेट आपल्या दारापर्यंत येते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारची चांदी संपत आली. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. 1918च्या पिटमन कायद्याने अमेरिकेच्या तिजोरीतले सुमारे 27 कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यांपैकी जवळपास 26 कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये पडले. एका डॉलरच्या चांदीतून साधारण सव्वादोन रुपये निघतात. तेवढीच चांदी अमेरिकी खाणींतून विकत घेऊन पुन्हा डॉलर पाडण्याची अट त्याच कायद्यात होती, आणि 1921चा डोंगर त्या अटीतून उभा राहिला. म्हणून 1921चा मॉर्गन हा सर्वांत सहज मिळणारा मॉर्गन आहे. वापरलेल्या अवस्थेत तो मोडीच्या किंचित वरच्या भावाने जातो, एवढेच.

या घटनेने आणखी एक गोष्ट केली, जिचा नवख्यांना पत्ता नसतो. कोणत्या सालाची आणि कोणत्या टाकसाळीची किती नाणी वितळली, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे पाडलेल्या नाण्यांचा आकडा पाहून दुर्मीळता ठरवता येत नाही. किती उरली, हे पाहावे लागते. उलट्या दिशेनेही असेच होते. 1903चा न्यू ऑर्लीन्सचा डॉलर कित्येक दशके अत्यंत दुर्मीळ मानला जात होता. 1962च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून डॉलरांच्या सीलबंद थैल्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांत हेच नाणे कोरे करकरीत, थैल्या भरून निघाले आणि त्याचा भाव एका हिवाळ्यात कोसळला.

दोन 1922चे पीस डॉलर, ज्यांना रांगोळी लागली, ते फिलाडेल्फियाचे आहेत. त्या वर्षी तिथे 5 कोटींहून अधिक पडले. भिंगाखाली पाहिल्यास त्यांच्या मोकळ्या भागावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतील आणि नाणे आरशासारखे नव्हे, तर घासलेल्या भांड्यासारखे चमकेल. कोणताही जाणकार त्यांना ‘घासलेले’ म्हणून वेगळे काढील. नशीब एवढेच की या नाण्यांची किंमत आधीपासूनच मोडीच्या जवळ होती, त्यामुळे नुकसान नगण्य आहे.

1881चा डॉलर S अक्षराचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा आहे आणि छायाचित्रात तो मला आशादायक वाटतो. हे साल दुर्मीळ नाही; 1 कोटी 27 लाखांहून अधिक पडले आणि पुष्कळ उरले. पण त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ठशाचे काम इतके सुबक झाले की मॉर्गनचे सौंदर्य कशात आहे ते दाखवायला मी हेच नाणे हातात देतो. इथे किंमत सालाने नव्हे, तर अवस्थेने ठरते. अमेरिकेत 1 ते 70 अशी श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती 1949मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी बसवली आणि पुढे ती सर्व नाण्यांना लागू झाली. 60च्या पुढचे नाणे चलनात न फिरलेले, म्हणजे कोरे समजतात. 58पर्यंतचे कमी-अधिक फिरलेले. 63 आणि 65 यांत सामान्य डोळ्याला फरक दिसत नाही, पण भावात दिसतो.

कोरे आणि फिरलेले यांतील फरक कसा पाहायचा, ते सांगतो. खोलीतले दिवे बंद करून टेबलावरचा एकच पिवळा दिवा ठेवावा. खाली मऊ टॉवेल अंथरावा, कारण नाणी पडतात. नाणे कडेने, अंगठा आणि तर्जनी यांत धरावे आणि दिव्याखाली हळूहळू तिरके करत फिरवावे. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. ठसा बसताना धातू कडेकडे वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषांवरून हा प्रकाश उमटतो आणि थोड्याशा हाताळणीनेही तो उंच भागांवरून पहिल्यांदा जातो. मॉर्गनवर आधी पाहायच्या जागा म्हणजे समोर स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस आणि कपाळाकडील केसांची कड, आणि मागे गरुडाची छाती. तिथे प्रकाशाचा पट्टा तुटला आणि मळकट राखाडी डाग दिसला, तर ती झीज. पट्टा अखंड असून केस फक्त सपाट दिसत असतील, तर ठसाच कमजोर बसला आहे. न्यू ऑर्लीन्सच्या नाण्यांत हे नेहमीचे आहे आणि त्याला झीज समजून नाणे स्वस्तात देणारे मी पाहिले आहेत. गालावरच्या छोट्या टोच्यांनी घाबरू नये. हे डॉलर हजार-हजारांच्या थैल्यांत एकमेकांवर आपटत राहिले, ते वळ त्याचेच आहेत; पण गालावर ते जितके कमी, तितकी श्रेणी वर.

अवस्थेने किती फरक पडतो, याची पराकाष्ठा 1884च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरमध्ये दिसते. फिरलेला असेल तर तो सामान्य नाण्यासारखाच जातो, आणि कोरा असेल तर हजारो डॉलरांना.

1804च्या डॉलरविषयी आपल्याला मोठी उत्सुकता आहे, आणि मला तिच्यावर पाणी ओतावे लागणार आहे. 1804 साल असलेले अस्सल डॉलर जगात विसाच्या आत आहेत आणि त्यांतला एकही 1804 साली पडलेला नाही. पहिले सयाम व मस्कत येथील राज्यकर्त्यांना राजनैतिक भेट देण्यासाठी 1830च्या दशकात पाडले गेले, बाकीचे त्याहूनही नंतर. प्रत्येकाचा मालकी-इतिहास ठाऊक आहे. बिस्किटाच्या डब्यातला 1804चा डॉलर ही प्रतिकृतीच असणार. तो चुंबकाला चिकटतो का, हे काकूंना पाहायला सांगावे; बहुधा चिकटेल.

आता 1893. आपण यादीत त्याला बाकीच्यांसारखीच एक ओळ दिली आहे, पण मागील बाजूच्या छायाचित्रात गाठीखाली S दिसतो, आणि तो पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त 1 लाख डॉलर पडले. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गनांत याहून कमी संख्येचा दुसरा नाही. अस्सल असेल तर पार झिजलेल्या अवस्थेतही याची किंमत हजारो डॉलर होते, म्हणजे उरलेल्या सगळ्या डब्याहून अधिक. आणि नेमक्या याच कारणाने मॉर्गनमध्ये याच्याइतकी बनवाबनवी दुसऱ्या कोणत्याही सालात झालेली नाही. तीन शक्यता आहेत. ते अस्सल असेल. किंवा त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या बिनअक्षरी खऱ्या डॉलरवर कोणी S चिकटवला असेल, अथवा 1898च्या S डॉलरवरील शेवटचा आकडा कोरून 3 केला असेल. किंवा संपूर्ण नाणेच आजकालच्या बनावट कारखान्यातले असेल.

तिसरी शक्यता आधी तपासावी, कारण ती घरी तपासता येते. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर नाणे 26.73 ग्रॅमच्या जवळ भरले पाहिजे. इतक्या झिजलेल्या नाण्याला काही दशांश ग्रॅमची सूट द्यावी. व्यास 38.1 मिलिमीटर हवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करावा आणि नाणे धाग्याला बांधून, तळाला वा बाजूला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबते धरावे. काटा सुमारे 2.6 ग्रॅम दाखवील. हे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन आहे. 90 टक्के चांदीची घनता 10.3च्या आसपास असते, त्यामुळे वजनाला या आकड्याने भागले असता तेवढेच उत्तर यावे. 9च्या खाली आले तर धातू चांदी नाही. धागा सुती आणि मऊ असावा, आणि नंतर नाणे पुसू नये, टिपकागदावर ठेवून सुकू द्यावे.

इथे एक इशारा. नाणे कोल्हापुरात आल्यावर आपण ते ओळखीच्या सराफाकडे न्याल आणि तो सवयीने त्याची कड कसोटीवर घासून आम्ल लावील. असे होऊ देऊ नये. सराफाची पारख धातूची असते आणि ती उत्तम असते. पण दगडावर घासलेली कड ही संग्राहकासाठी जखम आहे. त्याच्याकडे कॅरेट मोजण्याचे क्ष-किरण यंत्र असेल तर त्यात नाणे खुशाल ठेवावे, त्याने काही बिघडत नाही.

धातू ठीक निघाला तरी दुसरी शक्यता उरते, कारण S चिकटवलेले नाणे चांदीचेच असते. इथे दैव आपल्या बाजूने आहे. 1893च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्व ज्ञात अस्सल नाण्यांची समोरची बाजू एकाच साच्यातून निघालेली आहे, त्यामुळे त्या साच्याच्या खुणा प्रत्येक खऱ्या नाण्यावर असल्याच पाहिजेत. देवीच्या मुकुटपट्टीवर LIBERTY हा शब्द कोरलेला आहे. दहापट भिंगाखाली त्यातील T या अक्षराच्या वरच्या भागात एक अगदी बारीक, उठावदार, तिरकी रेघ दिसते. ती साच्यावरच्या ओरखड्याची आहे. त्याच शब्दातील R अक्षराच्या पायथ्याशी बारीक उठाव आहेत. साल किंचित उजवीकडे चढते आणि त्यातला 1 हा आकडा खालच्या कडेच्या एका दात्याच्या बरोबर वर उभा असतो. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ही सगळी लक्षणे एकत्र मिळत नाहीत. यानंतर S अक्षराचा पाया पाहावा. ते नाण्याच्या मोकळ्या भागातून उगवल्यासारखे दिसले पाहिजे; त्याच्याभोवती काळसर शिवण, वेगळा रंग किंवा खरवडल्याच्या रेघा दिसल्या तर शंका घ्यावी.

शंका घ्यायला मी महागात शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका नाणे-मेळाव्यात मी 1889चा कार्सन सिटीचा डॉलर घेतला. तो 3 लाख 50 हजारच पडला होता आणि विक्रेता मागत असलेला भाव बाजाराहून बराच कमी होता. तेवढ्यावरूनच मला कळायला हवे होते. घरी आल्यावर तिरक्या दिव्यात दोन्ही C अक्षरांभोवती केसाएवढी फट दिसली. कोणीतरी फिलाडेल्फियाच्या 2 कोटींहून अधिक पडलेल्या सामान्य डॉलरवर अक्षरे बसवली होती. ते नाणे मी अजून ठेवले आहे आणि शिकायला येणाऱ्यांना कोणतीही सूचना न देता हातात देतो. अर्धेअधिक जण त्याला खरे म्हणतात.

म्हणून माझा सल्ला असा की 1893चा डॉलर कोणत्याही व्यापाऱ्याला विकण्यापूर्वी पीसीजीएस किंवा एनजीसी या श्रेणी देणाऱ्या संस्थांकडे पाठवावा. पहिली 1986 साली आणि दुसरी 1987 साली सुरू झाली. त्या नाणे तपासून, श्रेणी लिहून, क्रमांकासह कडक पारदर्शक पेटीत बंद करून देतात, आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. शुल्क, टपाल आणि विमा मिळून प्रत्येक नाण्यामागे काही डझन डॉलर सहज जातात, त्यामुळे दीडदोनशे डॉलरांच्या आतल्या नाण्यासाठी मी हा खर्च करत नाही. आपल्या डब्यातून 1893 नक्की पाठवावा. 1881 कोणा जाणकाराने प्रत्यक्ष पाहून 65च्या वर जाईल असे सांगितले तरच. बाकी काही नाही.

आणि हे सर्व काकू अमेरिकेत असतानाच व्हावे. भारताच्या 1972च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांच्या व्याख्येत मोडतात आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्यावर बंधन आहे. 1893चे नाणे एकदा कोल्हापुरात आले की ते तपासणीला वा लिलावाला परत अमेरिकेत पाठवणे हा टपालखर्चाचा नव्हे, तर कायद्याचा प्रश्न होतो. या नाण्याचे खरे गिऱ्हाईक तिकडे आहे, आपल्याकडे नाही.

विक्रीच्या बाबतीत दोन गोष्टी. संगणकावर दिसणारे मागणीचे भाव पाहू नयेत. त्याच श्रेणीचे, त्याच संस्थेच्या पेटीतले नाणे गेल्या काही महिन्यांत लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, ते पाहावे. व्यापारी त्याहून कमी देईल, आणि त्यात लबाडी नाही. त्याला दुकान चालवायचे आहे. मात्र तो 1893चे नाणे बाकीच्या ढिगात घालून ‘सगळे मिळून इतके’ असा भाव सांगू लागला, तर डबा बंद करून उठावे. अमेरिकी करासाठी वारसाने मिळालेल्या वस्तूचे मूळ मूल्य सामान्यतः मृत्यूच्या दिवसाचे धरतात, म्हणून काकांच्या निधनाच्या दिवशीचा चांदीचा भाव काकूंनी टिपून ठेवावा. तिथल्या कर-सल्लागाराला तो लागेल.

तोवर ठेवणीबाबत एवढेच करावे. 1893, 1881 आणि 1917 ही तीन नाणी प्रत्येकी वेगळ्या, नाण्यांसाठी मिळणाऱ्या कडक कुप्यांत ठेवावीत. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नयेत, त्याचा हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो. रबरबँड तर मुळीच लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. रांगोळीने घासलेले दोन डॉलर काकूंनी विकू नयेत, बरोबर आणावेत. लक्ष्मीपूजनाच्या तबकात ते छान दिसतील आणि तिथे त्यांची श्रेणी कोणी विचारणार नाही.

आणि काकूंच्या शेजारी कोणाकडे चांगला कॅमेरा असेल, तर 1893च्या मुकुटपट्टीतील T या अक्षराचे, दिवा डावीकडून तिरका ठेवून काढलेले एक जवळचे छायाचित्र आणि काट्यावरचे वजन मला पाठवावे. त्या रेघेखेरीज पुढचे काही सांगता येणार नाही.